गादीचं पान

सत्यभामाबाईंना जाऊन दीड महिना झाला होता. माणूस गेलं तरी त्याच्या वस्तू जागच्या जागी राहतात, एवढ्यावर निवृत्ती दिवस ढकलत होता. तिचं जातं होतं तिथं होतं. तिचं लुगडं अजून वलनीवर होतं, ते काढायला कोणाचा हात धजला नव्हता. मंगळवारी सकाळी शालूनं थंडी फार म्हणून भिंतीकडची पेटी उघडली. घोंगडी काढली, धोतरं काढली, आणि मग तिचा आवाज आला, "बाबा, मायची गोधडी कोठी हाय?"

"तळाले हाय. मीच ठेवली."

"तळाले निस्ती पेटी हाय."

निवृत्ती उठला. उंबऱ्याला ठेच लागली, तरी थांबला नाही. पेटीत दोन्ही हात घालून त्यानं चारही कोपरे चाचपले. लाकूड लागलं, कडुनिंबाचा वाळका पाला लागला. गोधडी नव्हती.

तो पेटीचा काठ धरून खाली बसला. शालूला वाटलं, आईची आठवण. ती दाराआड जाऊन डोळे पुसू लागली. आईसाठी म्हणून लग्नानंतर सहा महिन्यांनी ती माहेरी आली होती, आणि आई गेल्यावर बापासाठी राहिली होती. पण निवृत्तीला त्या घडीला रडू आलं नव्हतं. त्याला भीती वाटली होती.

"घरात कोन आलतं?"

शालूनं आठवलं. "परवा मी पान्याले गेलती तवा मोठीआई आलती. मी आली तं ती ओट्यावरून उतरत होती. पदराखाली कायतरी होतं खरं. मले वाटलं, पापड असतीन."

निवृत्तीनं पागोटं घातलं नाही, जोडा घातला नाही. तसाच भावाच्या घराकडे निघाला.

अर्जुनराव टाकळीचे पाटील. निवृत्तीहून आठ वर्षांनी मोठे. ओसरीवर न्हावी त्यांची दाढी करत होता. निवृत्तीला तसा अनवाणी आलेला पाहून त्यांनी न्हाव्याला अर्ध्यावरच उठवलं. एका गालावर साबण तसाच राहिला.

"बस. मी येनारच होतो तुह्याकडं."

"गोधडी कोठी हाय, दादा?"

"जळगावले, तालुक्याले."

"जळगावले?"

"अरे, ऐकून तं घे. नूरबीचा पोरगा नाई का, जहांगीर, तिकडं नव्या शाळेत चित्रं शिकवते तो? त्यानं प्रदर्शन मांडलं. साऱ्या जिल्ह्यातल्या कलावंताइचं. विषय एकच, पीकपानी. ज्याले जे येते त्यानं ते करावं. कोनी लाकडात, कोनी मातीत, कोनी रंगात. जानेफळचा सुतार हाय, लोनारचा एक चितारी हाय. म्हटलं, आपल्या घरचं बी कायतरी जावं. भामाच्या गोधडीवर घट हाय ना? घटासारखं पीकपानी दुसरं कोनतं?"

"मले इचारलं नाई."

"तू देल्ली असती काय?"

आतून अर्जुनरावांची बायको, रुक्मिणीबाई आल्या. चोरी त्यांच्या हातची होती म्हणून त्या आधीच चढ्या आवाजात बोलल्या. "पेटीत ठेवून कसरीनं खाल्ली असती तिले! अन् कोनासाठी केलं हे? तुमच्याच पोरासाठी केलं. उद्या चार वाजता जिल्ह्याचे डिप्टी साहेब येऊन राह्यले प्रदर्शन पाहाले. भामीची गोधडी पाहातीन, मंग हे सांगतीन की साहेब, ही जिनं शिवली ती माय मेली अन् पोरगा तुरुंगात हाय. दगडाले बी पाझर फुटन."

अर्जुनरावांनी कोनाड्यातून घडी केलेला कागद काढला. "अर्ज लिहून घेतला. शेषराव अजान पोरगा हाय, दुसऱ्याच्या नादानं गेला, घरानं इमानी हाय. साहेबाच्या हातात हात देऊन अर्ज द्याचा. टपालानं तीन पाठवले, एकाचंबी उत्तर नाई."

शेषराव निवृत्तीचा एकुलता मुलगा. ऑगस्टच्या चळवळीत खामगावच्या वाटेवर तारा तोडल्या म्हणून धरला गेला होता. अर्ज ही खरी गोष्ट होती, आणि अर्जुनरावांची तळमळही खरी होती. निवृत्तीला ते कळत होतं.

"आनून द्या," एवढंच तो म्हणाला. "माह्यी गोधडी आनून द्या."

"काऊन पन?"

"पान बाहेर हाय."

"कोनतं पान?"

"गादीचं."

अर्जुनरावांचा हात साबणाच्या गालावर गेला आणि तिथंच थांबला.

टाकळीचा घट निवृत्तीकडे होता. बापानं मोठ्याला पाटीलकी दिली आणि धाकट्याला घट दिला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या वावरात अठरा धान्यांचं गोल रिंगण मांडायचं. मधे खड्डा, खड्ड्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाचे चार महिने. ढेकळांवर पाण्याचा करवा, करव्यावर पुरी, ती धरती. आणि शेजारी विड्याचं पान, त्यावर सुपारी. ती राजाची गादी. रात्रभर तिकडं कोणी फिरकायचं नाही. दिवस उगवायच्या आधी निवृत्तीनं एकट्यानं जायचं, काय हललं, काय सांडलं ते पाहायचं आणि मग गावाला सांगायचं. त्यावर लोक पेरणी ठरवत. बाईमाणसानं घटाजवळ जायचं नाही, असा नेम होता.

"तू तं साऱ्या गावाले सांगतलं, गादी जागेवर हाय," अर्जुनराव हळू आवाजात म्हणाले.

"सांगतलं."

"तहसीलदाराचा शिपाई आलता दुसऱ्या दिवशी. मी त्याले लिहून देल्लं. गादी कायम, सरकारले धोका नाई. माह्या सहीनं देल्लं मी."

"हाव."

"मंग गोधडीत पान बाहेर कसं?"

निवृत्ती खांबाला टेकून बसला. आखाजीपासून जे कोणाला सांगितलं नव्हतं ते आता सांगण्यावाचून गत नव्हती. "दादा, माह्या डोयाले दिसत नाई. पडदा आला. मानूस दिसते, दाना दिसत नाई. अवंदा घटावर मी भामाले घेऊन गेलतो. ती पाहे अन् मले सांगे. ज्वारी आत हाय, तूर बाहेर हाय, पुरी जागेवर हाय. मंग ती चूप झाली. म्हटलं, गादी? तं म्हने, पान उलटं पडलं, रिंगनाच्या बाहेर हाय."

"मंग?"

"मंग म्यानं वाकून, चाचपून पान उचललं अन् मधात ठेवलं. तिले म्हटलं होतं, तू ठेव. तिनं हात लावला नाई."

न्हावी अंगणात वस्तरा पुसत होता. अर्जुनरावांनी त्याला हातानं जायला सांगितलं.

"काऊन केलं असं?"

"भेलो. तिकडं लढाई, इकडं रोज कोनाले तरी धरून नेत. राजाची गादी गेली असं म्या चारशे लोकाइपुढं बोलू? तुमची पाटीलकी, माह्यं घर. भेलो, दादा."

रुक्मिणीबाई मटकन खाली बसल्या. मघाचा तोरा पार उतरला होता. "अगं माय! अन् मी ती माह्या हातानं उचलून देल्ली! आता कोनी इचारलं की टाकळीच्या पाटलानं काय लिहून देल्लं अन् त्याइच्याच घरची गोधडी काय सांगते, तं? पाटीलकी जाईन, अन् हे बी जातीन शेषरावच्या पाठोपाठ."

"ओरडू नको," अर्जुनराव म्हणाले. "तुले काय म्हाईत नव्हतं काय, तिनं काय शिवलं ते?" हे निवृत्तीला होतं.

"शेवटच्या आजारात तिनं माहा हात धरून पानावर ठेवला. तवा कळलं. म्हनून तं तळाले टाकली."

"जाळली काऊन नाई?"

निवृत्ती खांबाला धरून उठला.

बुधवारी उजाडताच बैलांची दमणी जुंपली. अर्जुनराव, निवृत्ती आणि शालू. शालूनं मोठीआईकडून सगळं ऐकलं होतं आणि ती वाटभर बापाशी बोलली नाही. संग्रामपूर मागं पडलं तेव्हा अर्जुनराव म्हणाले, "काढून घेऊ. म्हनू, पोरीले आजार झाला, पांघराले पाह्यजे."

"माह्या नावानं काऊन खोटं सांगता, मोठेबाबा?" शालू म्हणाली. "आपल्या घरात खोट्याले मानसं कमी हायेत काय?"

निवृत्तीनं मान खाली घातली. सातपुडा उजवीकडं असेल, त्याला नुसता निळा डाग दिसत होता.

शाळेचं मोठं दालन रिकामं करून प्रदर्शन मांडलं होतं. दारात तोरण, आणि एका फळीवर जहांगीर मास्तरांनी स्वतः रंगवलेली अक्षरं, ती शालूनं वाचून दाखवली: वऱ्हाडचं पीकपाणी. मास्तर सदऱ्याच्या बाह्या वर करून फिरत होते. बोटांना रंग लागला होता. निवृत्तीला पाहून धावतच आले.

"काका, आले तुम्ही! मला वाटलं नव्हतं. या, आधी फिरून घ्या. मी सालाच्या क्रमानं मांडलंय. इथून सुरू करायचं आणि खळ्यावर संपवायचं."

त्यांना नाही म्हणायला जमलं नाही. मास्तर सांगत गेले. जानेफळच्या सुतारानं सागवानात हातभर तिफण कोरली होती, चाड्यात खरी ज्वारी टाकली की ती तीन नळ्यांतून खाली पडायची. लोणारच्या चिताऱ्यानं पाण्याच्या रंगात सरोवर काढलं होतं, काठावर केळीची बाग. एका कुंभारणीनं मातीच्या बाया केल्या होत्या, निंदणाला बसलेल्या, प्रत्येकीचं तोंड वेगळं. एकीचं तोंड वाकडं होतं, ती बाजूच्या बाईशी भांडत होती. ज्वारीच्या धांड्यांचं खळं होतं. खामगावच्या फोटोवाल्यानं कापसाच्या गाड्यांचा फोटो दिला होता. निवृत्ती एकेका वस्तूवरून बोट फिरवत होता. कोणी त्याला हटकलं नाही. घट पाहणारा माणूस, तो हात लावणारच, असं मास्तरांना वाटलं.

"आणि साल सुरू होतं ते आखाजीला," मास्तर म्हणाले. "म्हणून पहिला नंबर काकूंचा."

दारासमोरच्या भिंतीवर, वर बांबूची काठी घालून, गोधडी लावली होती. आत पाय टाकला की पहिली तीच दिसावी अशी. अठरा धान्यं अठरा रंगांच्या दोऱ्यात, दाणा दाणा वेगळा. आणि रिंगणाच्या बाहेर, खालच्या कोपऱ्याकडं, हिरव्या खणाचं एक पान, देठ वर करून उलटं शिवलेलं.

शालूनं ती पूर्ण उलगडलेली कधी पाहिली नव्हती. ती नुसती उभी राहिली.

अर्जुनरावांनी मास्तरांना कोपऱ्यात नेलं. बोलणं हळू होतं, पण मास्तरांचा चेहरा उतरत गेला. "काढता येणार नाही, पाटील. यादी छापून साहेबांकडं गेलीय. नंबर एक, घट, गोधडी, कै. सत्यभामाबाई, मुक्काम टाकळी. सकाळी तहसीलदार येऊन पाहून गेले. आता भिंत रिकामी दिसली तर पहिला प्रश्न तोच येईल."

"तहसीलदारानं पाह्यली?" अर्जुनरावांनी भिंतीकडं वळून पाहिलं. "काय म्हनले?"

"काहीच नाही. बराच वेळ उभे होते."

दालनाच्या टोकाला नूरबी बसली होती. मास्तरांची आई. दिवाळीपर्यंत टाकळीला असताना तिचं आणि सत्यभामाबाईंचं घर पाठीला पाठ लावून होतं, दोघी एकाच गोधडीला दोन बाजूंनी बसत. ती उठून आली. "क्या हुआ, निवृत्तीभाऊ? चेहरा असा काऊन झाला?"

सांगावं लागलं. नूरबीनं ऐकलं, पदराची गाठ सोडली आणि लहान कातर काढली. "पान हलवायचं ना? आठ टाके हायेत. पाव घंट्यात होते. मधात लावून देते, कोनाले पता नाई चालनार."

"नाई," शालू म्हणाली. ती गोधडीपुढं आडवी उभी राहिली. "मायचा टाका कोनी उसवायचा नाई."

"पोरी, अक्कल वापर," अर्जुनराव म्हणाले.

"मायनं जे पाह्यलं ते शिवलं. तुम्ही दोघं भाऊ मिळून तिले खोटी पाडता?"

अर्जुनराव तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी आतल्या खिशातून दुसरा एक चिठोरा काढला. "हे मी दाखवनार नव्हतो. दहा दिवस झाले येऊन. वाच."

तिनं वाचलं. मोठ्यानं नाही, पण ओठ हलत होते. शेषरावबरोबरच्या कोणी सुटलेल्या पोरानं लिहिलं होतं. शेषरावला हिवताप धरून महिना झाला, उठून बसवत नाही, त्याला अजून आई गेल्याचं सांगितलेलं नाही.

शालूनं कागद घडी केला. बाजूला झाली. "उसवा," ती म्हणाली.

आता सगळे एका बाजूला होते आणि निवृत्तीकडं पाहत होते. तीन वाजून गेले होते. बाहेर शाळेची पोरं रांगेत उभी करत होते.

"आन ती कातर," निवृत्ती म्हणाला. "दुसऱ्या कोनी हात लावाचा नाई."

"तुम्हाले दिसते काय?" नूरबीनं विचारलं. तिला ठाऊक होतं, म्हणजे सत्यभामाबाईंनी तिला सांगितलं असणार.

"टाका हाताले लागते."

तो भिंतीजवळ गुडघे टेकून बसला. खण सुती कापडाहून गुळगुळीत, त्यामुळं पान लगेच सापडलं. तिच्या लग्नातल्या चोळीचा खण. देठापासून त्यानं सुरुवात केली. कातरीचं टोक दोऱ्याखाली घालायचं, अंगठ्यानं दाबायचं. एक. दुसरा टाका घट्ट होता, तिचा हात घट्टच होता. तीन. त्याच्या डोळ्यांपुढं तुरुंगातलं पोरगं होतं, त्याला त्या घडीला दुसरं काही दिसत नव्हतं. चार टाके गेले आणि पानाचा देठाकडचा अर्धा भाग सुटून पुढं लोंबला.

"बसवू कोठी?" त्यानं विचारलं. "आधी जागा धरून ठेवतो."

त्यानं डावा हात गोधडीच्या मधोमध नेला. करवा लागला, पुरी लागली. शेजारी जिथं गादी असायला हवी, तिथं बोट फिरवलं. तिथं कापडाला बारीक बारीक भोकं होती. सुईची. त्यानं पुन्हा फिरवलं. आठ भोकं, पानाच्या आकारात, देठ खाली. पान सरळ होतं तेव्हा.

बोट तिथंच.

"नूरबी, हे काय हाय?"

"पहिले तिनं आतच लावलं होतं," नूरबी म्हणाली. "मी इचारलं होतं, पान तं बाहेर पडलं म्हनत होती ना तू? तं म्हने, माह्या मालकानं गावाले आत सांगतलं, तं माह्या गोधडीत बी आतच राहीन. त्याइचा शब्द मी कशाले मोडू."

"मंग?"

"शेषरावले धरून नेलं त्या दिवशी माह्याकडं आली. रडली नाई. बसली, पान उसवलं अन् बाहेर लावलं. म्हने, पोराले मीच सांगतलं होतं खरं काय झालं ते. पोरगं खऱ्यापायी गेलं, आता मी खोटं पांघरून निजू?"

अर्जुनराव म्हणाले, "हे सारं नंतर बोला. चार वाजून राह्यले. निवृत्ती, हात चालव."

निवृत्तीनं कातर जमिनीवर ठेवली.

"हात चालव म्हनतो ना!"

"दादा, एकदा मी हलवलं. एकदा तिनं हलवलं, माह्यासाठी नाई, पोरासाठी. आता माह्याच्यानं होत नाई."

"पोरगा मरन तिकडं! तुह्या बायकोच्या टाक्यापायी पोरगा मरन, समजते काय तुले?"

"समजते."

"मंग?"

निवृत्तीला भीती वाटत होती, कालपेक्षा जास्त. तरी हात कातरीकडं गेला नाही. शालू भिंतीला टेकून उभी होती, आणि या वेळी ती उसवाही म्हणाली नाही आणि उसवू नकाही म्हणाली नाही. अर्जुनरावांनी खाली वाकून कातर उचलली. स्वतःच करावं म्हणून पुढं झाले. तेवढ्यात बाहेर मोटारीचा आवाज आला, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब उंच होते आणि घाईत होते. बरोबर तहसीलदार, दोन शिपाई, गावातली चार मोठी माणसं. मास्तरांनी हार घातला. साहेब आत आले आणि पहिली भिंत तीच.

इतकी सुबक गोधडी, आणि तिच्यात एकच वस्तू लोंबत होती. साहेबांची नजर तिथंच गेली. सगळे आठ टाके जागेवर असते तर कदाचित गेली नसती. त्यांनी छडीच्या टोकानं पान हलकेच वर केलं आणि काहीतरी विचारलं.

तहसीलदारांनी मराठीत विचारलं, "हे पान काय आहे? कोणाची गोधडी?" ते निवृत्तीकडं पाहत होते आणि डोळ्यांनी काहीतरी सांगत होते. निवृत्तीला डोळे दिसत नव्हते. त्याला फक्त पांढरं पागोटं दिसत होतं.

"माह्या बायकोची हाय," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "हा घट हाय आमच्या गावचा, गेल्या आखाजीचा. ते पान म्हनजे गादी. ती बाहेर पडली होती. मी गावाले आत हाय म्हनून सांगतलं, ते खोटं होतं. तिनं शिवलं ते खरं."

दालनात टाकळीचे सहा-सात लोक होते, प्रदर्शन पाहायला पायी आलेले. त्यांच्यातला एक खोकला आणि मधेच थांबला. अर्जुनरावांनी डोळे मिटले.

तहसीलदार साहेबांकडं वळले आणि इंग्रजीत बोलले, थोडक्यात. साहेबांनी मान हलवली, गोधडीकडं पुन्हा एकदा पाहिलं, दोन शब्द बोलले आणि तिफणीकडं गेले. चाड्यात ज्वारी टाकली, खाली तीन धारा पडल्या, साहेब हसले. सगळे हसले.

"काय सांगतलं त्यानं?" निवृत्तीनं मास्तरांना विचारलं.

मास्तर थांबले. "त्यांनी सांगितलं, बाई अडाणी होती, पान चुकून कडेला लागलं. आणि नवरा म्हातारा आहे, बायको गेल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही. काका, त्यांनी तुम्हाला वाचवलं."

"मले नाई," निवृत्ती म्हणाला. "त्यानं बी वर लिहून देल्लं असन."

चुकून. तिच्या हातून चुकून. त्याला वाटलं, आत्ता ओरडून सांगावं. साहेब मातीच्या बायांपर्यंत पोचले होते. त्या भांडणाऱ्या बाईपाशी थांबले होते. चार पावलं होती. निवृत्ती उभा राहिला, पण पाय उचलला नाही. एकदा बोलला होता, दुसऱ्यांदा बोलायला अंगात काही उरलं नव्हतं. मघाचं धैर्य म्हणावं तर ते तेवढंच होतं.

अर्जुनराव मात्र साहेबांच्या मागं मागं गेले होते. हात खिशात, अर्जावर. धांड्यांच्या खळ्यापाशी त्यांनी कागद अर्धा बाहेर काढला. तहसीलदार दोन पावलं मागं आले आणि ओठ न हलवल्यासारखं बोलले. शालू जवळ होती, तिनं ऐकलं.

"पाटील, आज काही देऊ नका. हा कागद वर गेला की टाकळीचं नाव वर जाईल. मग साहेबांना आठवेल, टाकळी म्हणजे ते पान. मग गेल्या वैशाखातला कागद काढतील. तो माझ्या सहीनं पुढं गेलाय."

"पोरगं आजारी हाय, साहेब."

"मलाही पोरं आहेत."

अर्जुनरावांनी कागद आत सरकवला. त्यांचा हात बराच वेळ खिशात तसाच राहिला. साहेब अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहून, हार शिपायाकडं देऊन, मोटारीत बसले. तहसीलदारांनी निघता निघता आपल्या छोट्या वहीत काहीतरी टिपलं. काय टिपलं ते कोणालाच दिसलं नाही. टाकळीचे लोक निवृत्तीच्या बाजूनं वाकडी वाट करून बाहेर पडले. एकानंही रामराम केला नाही.

"जातो," अर्जुनराव दारातून म्हणाले. भावाकडं न बघता. "दमनी जुंपतो. याचं तं या."

नूरबीनं सुईत दोरा ओवून पुढं केला. "चार टाके परत टाकून देऊ, भाऊ? बाहेरच, जिथं हाय तिथं."

निवृत्तीनं सुई घेतली. बोटांनी जुनी भोकं शोधू लागला. ती शालूनं त्याच्या हातातून काढून घेतली आणि खाली बसून चार टाके घातले, आईइतके घट्ट नाहीत. प्रदर्शन अजून आठ दिवस चालायचं होतं. गोधडी तिथंच राहिली.

दमणी टाकळीकडं निघाली. शेषरावचा अर्ज अर्जुनरावांच्या खिशात होता. तो कोणाच्याही हातात दिला गेला नव्हता, आणि आई गेली हे शेषरावला अजून कोणी कळवलं नव्हतं.